खुर्जी, पडशी आणि मराठीचा राहून गेलेला कोश

रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उतारवयात लुसिलियस या आपल्या मित्राला जी पत्रे लिहिली, त्यांतले ८७वे पत्र एका दोन दिवसांच्या प्रवासाविषयी आहे. मॅक्सिमस नावाच्या स्नेह्यासह तो मुद्दाम मोजक्या सामानानिशी निघाला आहे. बरोबर एका गाडीत मावतील एवढेच गुलाम आहेत, गादी जमिनीवरच पडते, दोन प्रवासी झग्यांपैकी एक अंथरायला आणि दुसरा पांघरायला होतो, जेवणात सुके अंजीर ठरलेले आणि खेचरे हाकणारा अनवाणी. अशा अवस्थेत समोरून एखाद्या श्रीमंताचा लवाजमा आला की आपल्याला अजूनही संकोच वाटतो, हे मान्य करून सेनेका थोरल्या कातोची आठवण काढतो. हा कातो ख्रिस्तपूर्व १८४ मध्ये सेन्सॉर, म्हणजे जनगणना आणि लोकांची नीतिमत्ता पाहणारा बडा रोमन अधिकारी झालेला, रणांगण गाजवून विजययात्रेचा मान मिळवलेला पुरुष. तरीही तो खच्ची केलेल्या घोड्यावर बसून, त्याच घोड्यावर कामाच्या वस्तूंच्या पिशव्या टाकून प्रवास करी. अशा माणसाला एकच घोडा पुरत होता आणि तोही पुरता त्याच्या वाट्याला येत नव्हता, कारण दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या सामानाने घोड्याचा काही भाग व्यापलेला असे, असे सेनेका लिहितो.

या पिशव्यांसाठी सेनेकाने वापरलेला शब्द ‘हिप्पोपेराय’ असा आहे. तो मुळात ग्रीक जोडशब्द आहे: ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा आणि ‘पेरा’ म्हणजे चामड्याची झोळी. खोगिराच्या पिशवीला लॅटिनमध्ये काय म्हणतात असे कोणी विचारले की बहुतेक शब्दसूच्या हाच शब्द पुढे करतात. परंतु १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या लुईस आणि शॉर्ट यांच्या प्रमाणभूत लॅटिन कोशात या शब्दाखाली दाखला आहे तो सेनेकाच्या याच पत्राचा. म्हणजे ज्या शब्दाला आपण ‘लॅटिन प्रतिशब्द’ म्हणतो, तो एका लेखकाने एका पत्रात योजलेला, ग्रीकमधून उचललेला, काहीसा पुस्तकी शब्द आहे. त्याचा अर्थ आपल्याला निःशंकपणे कळतो तोही पुढच्या वाक्यामुळे, कारण त्या वाक्यात सामान दोन बाजूंना लोंबताना दिसते. ते वाक्य काळाच्या ओघात हरवले असते, तर हा शब्द कोशात एका अंदाजासह पडून राहिला असता.

या एका शब्दाचा माग मला लांबवर काढायचा आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि त्या दर्जाबरोबर येणारा पैसा कशावर खर्च व्हावा ही चर्चा सुरू झाली. संमेलने, पुरस्कार, अध्यासने, भवने अशी अनेक नावे त्या चर्चेत येतात. माझे मत असे आहे की या पैशावर पहिला हक्क ऐतिहासिक तत्त्वांवर रचलेल्या मराठी कोशाचा आहे. प्रत्येक शब्द पहिल्यांदा केव्हा, कोणत्या कागदात, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या वस्तूसाठी आला हे कालक्रमाने, दाखल्यांसह सांगणारा असा तो कोश असला पाहिजे. ही मागणी नवी नाही. ती का तातडीची आहे हे मात्र अमूर्त विधानांपेक्षा घोड्यावरच्या पिशवीसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूवरून अधिक चांगले कळते.

सेनेकाच्याच काळात, बहुतेक अभ्यासकांच्या मते सेनेका ज्या सम्राट नीरोच्या दरबारात होता त्याच दरबारात, पेत्रोनियस हा लेखक वावरत होता. त्याच्या ‘सातिरिकॉन’मध्ये त्रिमाल्किओ या नवश्रीमंताच्या मेजवानीचे वर्णन आहे. खाद्यपदार्थांच्या तबकावर कोरिंथच्या कांस्याचे एक गाढव उभे केले आहे आणि त्याच्या पाठीवरच्या दुतोंडी पिशवीत एका बाजूला पांढरी व दुसऱ्या बाजूला काळी ऑलिव्ह भरली आहेत. या पिशवीला पेत्रोनियस ‘बिसाक्कियुम’ म्हणतो, म्हणजे दोन पिशव्यांची जोडी. हा बाजारातला, गाढववाल्याच्या तोंडचा शब्द असावा, कारण पुढे जिवंत राहिला तो हाच. त्याचे अनेकवचन ‘बिसाक्किया’ लोकांच्या बोलण्यात स्त्रीलिंगी एकवचन होऊन बसले आणि त्यातून इटालियन ‘बिसाच्चा’ व फ्रेंच ‘बझास’ हे शब्द आले. एकाच दरबारातल्या दोन लेखकांनी साधारण एकाच वस्तूसाठी दोन शब्द वापरले. एकाचा शब्द विद्वत्तेचा होता, दुसऱ्याचा रस्त्यावरचा. रस्त्यावरचा शब्द दोन हजार वर्षे टिकला. केवळ प्रतिशब्द देणाऱ्या सूचीत या दोघांतला फरक मावत नाही आणि बहुधा त्यातला निर्जीव शब्दच निवडला जातो.

तिसरा शब्द ‘मांतिका’, म्हणजे प्रवासातली झोळी. रोमन कवी होरेस हा दास्यातून मुक्त झालेल्या माणसाचा मुलगा. आपल्याला मोठे पद नाही याचे त्याला समाधान वाटते, कारण त्यामुळे तो वाटेल तेव्हा एका साध्या खेचरावर बसून थेट दक्षिण इटलीतल्या तारेन्तुमपर्यंत जाऊ शकतो. याउलट तिल्लियस नावाचा प्रेटर, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकारी, रोमजवळच्या तिबूरच्या रस्त्याने निघाला की पाच गुलाम त्याचे शौचपात्र आणि मद्याचा बुधला घेऊन मागे चालतात. होरेस आपल्या खेचराविषयी एक बारीक गोष्ट सांगून जातो: मांतिकेच्या ओझ्याने त्याची कंबर सोलवटेल आणि स्वाराच्या वजनाने खांदे. या एका ओळीतून पिशवी खेचराच्या कोणत्या भागावर पडत होती, स्वार तिच्या पुढे बसत होता आणि चामडे व वजन यांनी जनावराच्या अंगावर काय होत होते हे सगळे कळते. खोगीर, पिशवी किंवा पट्टा यांचा एकही अवशेष हाती नसता तरी एवढ्या दाखल्यावरून त्या वस्तूची मांडणी पुन्हा उभी करता आली असती. आणि हाच शब्द रोमन कवी कातुल्लुसच्या कवितेत माणसाच्या पाठीवर जातो. प्रत्येकाला आपापला भ्रम असतो, पण पाठीवरच्या मांतिकेत काय आहे ते आपल्याला दिसत नाही, असे तो म्हणतो. त्यामागे इसापाच्या परंपरेतली गोष्ट आहे: देवाने माणसाला दोन पिशव्या दिल्या, दुसऱ्यांचे दोष भरलेली छातीवर आणि स्वतःचे दोष भरलेली पाठीवर. फाएद्रुस या रोमन नीतिकथाकाराने ही गोष्ट लॅटिन पद्यात सांगताना ‘पेरा’ शब्द वापरला आणि फ्रेंच कवी ला फोंतेन याने १६६८ साली तीच सांगताना शीर्षकच ‘बझास’ असे दिले. जनावराची पिशवी आणि माणसाच्या खांद्यावरची पिशवी यांत लॅटिनने काटेकोर भेद केलेला नाही. मराठी पडशीची गोष्ट याच्या जवळची आहे, तिच्याकडे पुढे येतो.

चौथा शब्द ‘क्लितेल्लाय’. हा पिशवीचा शब्द नव्हे. ओझे बांधण्यासाठी खेचराच्या पाठीवर घालतात त्या पालाणाचा तो शब्द आहे. ख्रिस्तपूर्व ५१ मध्ये रोमन वक्ता व राजकारणी सिसेरो मनाविरुद्ध आशिया मायनरमधल्या सिलिसिया प्रांताचा कारभार पाहायला गेला, तेव्हा त्याने आपल्या मित्राला, अत्तिकुसला, लिहिले की बैलावर पालाण घातले आहे. हे ओझे आपले नाहीच, तरी आपण ते वाहू. रोमन माणसाला ही म्हण तत्काळ कळत होती, कारण त्याचा बैल नांगराला आणि गाडीला जुंपायचा; पाठीवर पालाण हे खेचराचे व गाढवाचे काम. आता हेच वाक्य जसेच्या तसे मराठीत आणले तर काय होते ते पाहावे. दख्खनच्या वाचकाला बैलाच्या पाठीवर ओझे असण्यात काहीच विपरीत वाटणार नाही. वंजारी आणि लमाण यांच्या तांड्यांतले बैल शतकानुशतके पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या घेऊन कोकणातले मीठ घाटावर आणि घाटावरचे धान्य खाली नेत होते. रेल्वे आणि पक्के रस्ते येईपर्यंत या देशाचा व्यापार त्यांच्या पाठीवरच चालला. सिसेरोच्या म्हणीतला विपर्यास मराठीत शब्द बदलून येत नाही, वस्तुस्थिती सांगूनच येतो. क्लितेल्लाय म्हणजे पालाण हे समीकरण अगदी बरोबर आहे आणि तरीही ते वाचकाला चुकीच्या ठिकाणी नेऊन सोडते.

उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘अवेर्ता’ असा आणखी एक शब्द भेटतो आणि तो कायद्याच्या पुस्तकात भेटतो. ४३८ साली जाहीर झालेल्या रोमन सम्राट थिओडोसियसच्या कायदेसंहितेत सरकारी टपालाच्या घोड्यांविषयी नियम आहेत. लगामासह खोगिराचे वजन साठ रोमन पौंडांपेक्षा आणि अवेर्ता या पिशवीचे पस्तीस पौंडांपेक्षा अधिक असू नये. मर्यादा ओलांडली तर खोगिराचे तुकडे करावेत आणि पिशवी सरकारजमा करावी. पस्तीस रोमन पौंड म्हणजे साधारण साडेअकरा किलो. सरकारी घोड्यांवर खासगी माल लादणारे लोक त्या काळी इतके असणार की त्यासाठी सम्राटाला तराजू हाती घ्यावा लागला. एका शब्दाच्या एका दाखल्यात साम्राज्याच्या दळणवळणाचा, त्यातल्या गैरवापराचा आणि मुक्या जनावराची झीज थांबवण्याच्या खटाटोपाचा इतिहास सामावलेला आहे. मला तर असे दाखले पुष्कळशा मोठ्या इतिहासग्रंथांपेक्षा अधिक मोलाचे वाटतात.

‘बुल्गा’ या शब्दाकडे थोडक्यात पाहू. गॉल लोक, म्हणजे आजच्या फ्रान्समधले तेव्हाचे रहिवासी, चामड्याच्या छोट्या पिशव्यांना बुल्गा म्हणतात, अशी नोंद फेस्तुस या रोमन कोशकाराने करून ठेवली आहे. त्याच शब्दापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘बूज’ आणि लहान पिशवी या अर्थी ‘बूजेत’ आले, ते इंग्रजीत जाऊन ‘बजेट’ झाले आणि अर्थमंत्री आपली पिशवी उघडतो या कल्पनेवरून अठराव्या शतकात त्याला आजचा अर्थ चिकटला. मराठी घरात महिनाअखेरीस उच्चारला जाणारा हा शब्द मूळचा गॉलमधल्या कातडी पिशवीचा आहे, हे आपण खात्रीने म्हणू शकतो. कारण इंग्रजी, फ्रेंच आणि लॅटिन या तिन्ही भाषांच्या कोशांत त्याच्या प्रत्येक टप्प्याचा दाखला नोंदवलेला आहे.

या साखळीला समांतर अशी दुसरी साखळी अरबीतून निघते आणि ती आपल्या दारापर्यंत येते. अरबीत या पिशवीला ‘खुर्ज’ म्हणतात. अल-अंदलूसमधून, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधून, तो शब्द ‘अल’ या उपपदासकट स्पॅनिशमध्ये ‘आल्फोर्हा’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘आल्फोर्ज’ झाला. ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीतल्या सान्चो पांसा या सेवकाच्या गाढवावर असतात त्या याच आल्फोर्हा; धन्याने निघताना त्या आठवणीने घ्यायला सांगितलेल्या असतात आणि पुढे खाणावळवाला पैशांच्या बदल्यात त्या ठेवून घेतो. ‘या असल्या प्रवासाला आल्फोर्हा लागत नाहीत’ अशी स्पॅनिशमध्ये म्हण आहे. खटाटोप मोठा आणि निष्पत्ती शून्य असेल तेव्हा ती वापरतात. पूर्वेकडे फारसीत हीच वस्तू ‘खुर्जीन’ झाली. कश्गाई, बख्तियारी आणि बलुच या जमातींतल्या स्त्रियांनी विणलेल्या खुर्जिनी आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. तिचे तोंड बंद करण्याची रीत पाहण्यासारखी असते: एका काठावर विणलेल्या दोऱ्यांचे फासे, समोरच्या काठावर तितक्याच फटी, प्रत्येक फासा फटीतून बाहेर काढायचा आणि पुढच्या फाशात ओवत न्यायचा, म्हणजे शेवटचा फासा अडकवला की सगळे तोंड घट्ट मिटते आणि धावत्या घोड्यावरही आतले सांडत नाही. भारतात फारसीच्या राज्यकारभाराबरोबर आणि घोडदळाबरोबर ही वस्तू आली आणि मराठीत ‘खुर्जी’ रुळली.

आता मराठीकडे पाहू. खुर्जी हा शब्द मराठी कागदांत सर्वांत आधी कोणत्या साली आढळतो? शिलेदाराची खुर्जी चामड्याची होती की जाड सुताची, की लोकरीची? टपाल नेणारा आणि सावकाराची रोकड नेणारा एकाच प्रकारची खुर्जी वापरत होते का? पडशी ही माणसाच्या खांद्यावर पुढे-मागे टाकायची दुतोंडी पिशवी. ती घोड्यावरही पडत होती का, आणि पडत असेल तर खुर्जीपासून तिला वेगळे काय करत होते? गोणी हा संस्कृत शब्द पाणिनीच्या सूत्रांत भरणपात्राच्या अर्थाने येतो आणि इंग्रजीने पोत्यासाठी तोच आपल्याकडून घेतला. पण तांड्यातल्या बैलावरच्या जोडगोणीला वंजारी आणि लमाण यांच्या स्वतःच्या बोलीत काय म्हणत होते? या प्रश्नांची उत्तरे मराठी वाचकाला कोणत्याही एका ठिकाणी मिळत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका परक्या समाजाच्या खेचरावरची पिशवी मी होरेसच्या एका ओळीवरून डोळ्यांसमोर आणू शकतो. तीनशे वर्षांपूर्वी माझ्याच गावावरून गेलेल्या घोड्यावरची पिशवी आणू शकत नाही. हे मला अस्वस्थ करते आणि ते दुर्दैव म्हणून सोडून देण्यासारखे नाही, कारण ती उणीव भरून काढण्याची साधने आपल्याजवळ आहेत.

पूर्वसूरींनी काही केले नाही असे मुळीच नाही. मोल्सवर्थ या इंग्रज कोशकाराने आणि त्याच्याबरोबर राबलेल्या शास्त्र्यांनी १८३१ साली आणि पुन्हा १८५७ साली दिलेला कोश आजही बोलीतल्या शब्दांसाठी उघडावा लागतो. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग काढले आणि १९५० साली पुरवणी जोडली. अपुऱ्या पैशांत, वर्गणीदारांच्या भरवशावर उभे राहिलेले हे काम पाहिले की मान लवते. त्यात दाखलेही आहेत. मात्र ते कालक्रमाने लावलेले नाहीत आणि शब्दाचा जन्म, फिरती व अर्थांतर त्या नोंदींवरून उलगडत नाही. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाऊस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ साली निघाला. तो दाखल्यांवर उभा आहे, शिस्तीत आहे, आणि यादवकाळापर्यंतच्या मराठीसाठी त्याच्याइतका विश्वासू सोबती नाही. परंतु चौदाव्या शतकाच्या मध्यावर तो थांबतो. त्यानंतरची बहमनी, आदिलशाही, शिवकालीन आणि पेशवाई मराठी, म्हणजे फारसी व अरबी शब्द ओघाने मराठीत आले तो सगळा कालखंड, अशा कोशाविना राहिला आहे. खुर्जी, खोगीर, जीन, तोबरा, पागा हे घोड्याभोवतीचे शब्द याच कालखंडातले.

या पोकळीची किंमत कोणती हे ‘खोगीर’ या एकाच शब्दावरून दिसते. फारसीत त्याचा अर्थ घाम शोषून घेणारे. जिनाखाली जनावराच्या पाठीला लागून असणारी गादी म्हणजे खोगीर. मराठीत तो शब्द गादीवरून सबंध बैठकीवर कधी सरकला आणि त्या गादीत चिंध्या व गवत भरण्याच्या कामावरून ‘खोगीरभरती’ हा वाक्प्रचार निरुपयोगी भरण्याला केव्हा लागू झाला? आज विधिमंडळातल्या भाषणात हा वाक्प्रचार वापरणाऱ्याला त्यामागची गादी दिसत नाही. ती दिसलीच पाहिजे असे नव्हे. भाषा अशीच पुढे जाते. मात्र ती जिथून निघाली ती वाट कुठेतरी नोंदलेली हवी, नाहीतर शंभर वर्षांनी बखरी आणि पत्रे वाचणारा माणूस खोगीर म्हणजे आजचे खोगीर समजेल आणि चुकीचे चित्र रंगवेल. ऐतिहासिक चित्रपटांत व कादंबऱ्यांत असे घडताना आपण पाहतोच.

या संदर्भात शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोश’ आठवतो. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो प्रयत्न राजकीय दृष्टीने महत्त्वाचा होता आणि आजही त्याचे कौतुक प्रतिशब्दांसाठी होते. अभ्यासकाला मात्र त्यातले मूळ फारसी शब्द अधिक उपयोगी पडतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणते फारसी शब्द मराठी कारभारात खरोखर चालत होते याची ती समकालीन नोंद आहे. ज्या शब्दांना बाजूला सारण्यासाठी तो कोश लिहिला गेला, त्यांची साक्ष त्याच कोशाने जपली. नवे प्रतिशब्द घडवण्याच्या कामाला माझा विरोध नाही. शासनव्यवहाराला ते लागतातच. पण परिभाषा घडवणे आणि असलेल्या भाषेची नोंद करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि गेल्या सहा-सात दशकांत सरकारी पाठबळ बहुतांशी पहिल्या कामाला मिळाले, ही माझी तक्रार आहे.

या सूचनेवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आहे. लॅटिनचा महाकोश म्युनिकमध्ये १८९४ साली सुरू झाला, त्याच्या दाखल्यांच्या चिठ्ठ्या एक कोटीच्या घरात आहेत आणि तो अजून पूर्ण झालेला नाही. २०५०च्या आसपास तो संपावा अशी अपेक्षा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम १९४८ साली हाती घेतले गेले, पहिला भाग १९७६ साली बाहेर आला आणि वर्णमालेच्या पहिल्या स्वरातच तो कोश दशकानुदशके आहे. हे पाहून कोणीही म्हणेल की मराठीने अशा कामात पडू नये. मी यातून उलट धडा घेतो. लॅटिनचा कोश अपुरा असूनही त्याची प्रत्येक पुस्तिका निघाल्या दिवसापासून वापरात आहे आणि चिठ्ठ्यांचे भांडार तर मुद्रणाच्याही आधीपासून अभ्यासकांना खुले आहे. शिवाय अकारापासून सुरुवात करण्याची सक्ती आपल्यावर नाही. कालखंड ठरवून, विषय ठरवून कोश करता येतो; तुळपुळे आणि फेल्डहाऊस यांनी कालमर्यादा आखून घेतली म्हणूनच त्यांचा कोश हातात पडला. डेक्कन कॉलेजात या पद्धतीची जाण असलेली माणसे तयार झालेली आहेत, ती आपल्याच शहरात आहेत आणि त्यांच्याकडून काय करावे हे जसे शिकता येईल तसेच काय टाळावे हेही.

दुसरा आक्षेप असा की संगणकाच्या काळात हे सगळे आपोआप होईल. पुस्तके प्रतिमांकित केली की शब्द कधी आला ते यंत्र सांगेल. छापील मराठीपुरते यात तथ्य आहे. पण खुर्जी, तोबरा आणि गोणी यांची खरी वस्ती मोडी कागदांत आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि राज्यभरच्या संग्रहांत असे लाखो कागद आहेत, त्यांतला फार थोडा भाग बाळबोधीत उतरवून छापला गेला आहे आणि जो छापला गेला तो मुख्यतः राजकीय पत्रव्यवहार आहे. पागेचे हिशेब, सामानाच्या याद्या, जकातीच्या नोंदी, म्हणजे जिथे वस्तू त्यांच्या खऱ्या नावाने, किमतीनिशी आणि तारखेसह भेटतात ते कागद मागे राहिले. जे वाचले गेलेले नाही त्यातून यंत्र काहीही शोधून काढू शकत नाही. मोडी अक्षरे ओळखणारी यंत्रणा घडवायची म्हटली तरी तिला शिकवण्यासाठी आधी माणसांनी वाचून दिलेली हजारो पाने लागतील आणि तिने वाचलेला शब्द खुर्जी आहे की खर्ची आहे हे ठरवायला पागेचा हिशेब कळणारा माणूसच बसवावा लागेल.

तिसरा आक्षेप लोकांच्या बाजूने येतो आणि तो मी सर्वांत गांभीर्याने घेतो: मराठी शाळा बंद पडत असताना मेलेल्या वस्तूंच्या शब्दांवर पैसा का घालायचा? शाळा आणि कोश यांत निवड करायची वेळ आली तर मी शाळा निवडीन. तशी निवड मात्र आपल्यापुढे नाही. अभिजात दर्जाचा निधी मुळात भाषेच्या प्राचीनतेच्या आणि संशोधनाच्या नावाने येतो. तो कोशाला मिळाला नाही तर शाळेला मिळेल असे नाही, तो समारंभाला मिळेल. आणि शब्द मेले आहेत हेही सर्वस्वी खरे नाही. मोटारसायकलवरून लडाखला निघालेला पुण्याचा तरुण गाडीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लावतो आणि त्यांना ‘सॅडल बॅग’ किंवा ‘पॅनियर’ म्हणतो. यातला दुसरा शब्द लॅटिनमधल्या पावाच्या टोपलीवरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला आहे. त्याने खुर्जी म्हणावे असा माझा आग्रह नाही. तो शब्द त्याच्यापर्यंत पोचलाच नाही तर त्याने तो निवडावा तरी कसा? भाषेचे शब्द लोकांनी टाकून देणे वेगळे आणि ते लोकांच्या हाती कधी न पडणे वेगळे.

कामाची सुरुवात कुठून करावी याविषयी माझी सूचना नेमकी आहे. १३५० ते १८१८ हा कालखंड घ्यावा आणि त्यातही पहिला विभाग प्रवास, वाहतूक आणि जनावरे यांचा करावा. पेशवे दप्तरातल्या पागेच्या व जकातीच्या कागदांसाठी मोडी वाचकांची कायमस्वरूपी, पगारी तुकडी नेमावी; मानधनावरच्या तात्पुरत्या नेमणुकांनी असली कामे पुरी होत नाहीत. प्रत्येक नोंदीला साल, कागदाचा ठावठिकाणा आणि संपूर्ण वाक्य जोडलेले असावे, कारण सेनेकाचे पुढचे वाक्य नसते तर हिप्पोपेराय हा शब्द आपल्या काय उपयोगाचा होता? नोंदी जशा तयार होतील तशा सर्वांना विनामूल्य पाहता आल्या पाहिजेत. आणि शक्य तिथे वस्तूचे रेखाचित्र हवे: तोंड कुठे, बंद कुठे, जनावराच्या पाठीवर वजन कुठे पडते ते दाखवणारे.

याच्याच जोडीला एक काम कागदांबाहेरचे आहे आणि ते आधी करावे लागेल. महाराष्ट्रातले मेंढपाळ धनगर आजही बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर लादून फिरतात. दिवाळीच्या सुमारास त्यांतले अनेक कळप घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. घोंगडी, भांडी, कोंबड्या, लहान मुले, नुकती जन्मलेली कोकरे, सगळे त्या घोड्यांवर दोन्ही बाजूंना तोलून बांधलेले असते आणि हे बांधणे बहुधा बायकांच्या हातचे असते. कोणता दोर आधी आवळायचा, कोणती पिशवी खाली घालायची, पाठ सोलवटू नये म्हणून काय अंथरायचे, या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे शब्द असणार. तसे शब्द कोशात यायचे तर कोणीतरी वही, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्या तळावर पहाटे हजर असले पाहिजे, कारण सामान लादले जाते ते पहाटे. अभिजात भाषेच्या निधीतून पहिली नेमणूक करायची झाली तर ती या कामासाठी करावी, आणि येत्या दिवाळीच्या आधी करावी.